नवव्या दिवसानंतरची बाटली

१

मला वाटलं होतं, इथे मला भांडावं लागेल. एडिनबराहून परतताना विमानात मी भांडणांची यादीच करून ठेवली होती. वीज जाणार, यंत्रं बंद असणार, नोंदवह्या कोऱ्या असणार, आणि विचारलं की "चालते ना मॅडम" असं उत्तर येणार. अमरावतीच्या त्या लहानशा संशोधन केंद्रात पहिल्या सकाळी शिरले तर यातलं काहीच नव्हतं. इनक्युबेटरचं तापमान दिवसातून दोनदा वाचलं जात होतं आणि वाचणाऱ्याची सहीसुद्धा होती. इन्व्हर्टर होता, त्याच्यामागे जनरेटर होता. फिनाइलचा वास होता. मी चक्क हिरमुसले.

खटकला तो एकच कागद. इनक्युबेटरच्या दारावर, प्लास्टिकच्या पिशवीत घालून चिकटवलेला, जुन्या टाइपरायटरवरचा: "नवव्या दिवशी बाटली नष्ट करावी. आत काय आहे ते पाहू नये."

"हे कुणी लिहिलं?" मी बापूसाहेबांना विचारलं. ते केंद्राचे प्रमुख. वय चौऱ्याहत्तर, धुवट पांढरा शर्ट, आणि माझ्या वडिलांचे अकोल्यातले वर्गमित्र.

"माझ्याकडे केंद्र आलं तेव्हा तो तिथेच होता. मी पाळला. पाळून कुणाचं नुकसान झालं नाही."

"पण सर, न पाहता फेकायचं हे कसलं विज्ञान?"

"अवनीबाई, तुम्ही आधी जेवून घ्या," ते म्हणाले.

मी परत आले होते ते एका प्रश्नासाठी. हिवतापात माणूस पुष्कळदा परजीवीच्या हातून मरत नाही, स्वतःच्या बचावाच्या हातून मरतो. रक्तातल्या पांढऱ्या पेशी आजारी लाल पेशींना खातात इथवर ठीक. पण मग त्या चेकाळतात आणि धडधाकट लाल पेशीही खायला लागतात. स्लाइडवर एकही परजीवी उरलेला नसतो, तरी रक्त उतरत राहतं. मेळघाटाच्या पायथ्याची मुलं अशीच पांढरीफटक होऊन जातात. त्या पेशींना कुठे थांबायचं ते का कळत नाही, हे मला शोधायचं होतं.

पद्धत साधी. निरोगी माणसाच्या पांढऱ्या पेशी चपट्या बाटलीत, गुलाबी पोषक द्रावणात ठेवायच्या. त्यांना परजीवी मागे टाकतो ती काळी भुकटी चाखवायची. मग पाहत बसायचं.

निरोगी रक्त कोण देणार? बाहेरचं कुणी येत नाही. म्हणून केंद्रातली माणसं आपलंच देत आली होती.

"आमच्यापाशी आता काय उरलं जी," नत्थुजी म्हणाले. ते नांदगाव खंडेश्वरचे, इथे तीस वर्षं बाटल्या उकळत आलेले. "नीलमचा हात पाहा. सुया टोचून टोचून चायनी झाली त्याची."

"तुमचा घेऊ का मग?" नीलम म्हणाली. ती आमची तंत्रज्ञ. "यायच्या रक्तात चहाच निघते मॅडम, खरं सांगते."

मी बाही वर केली. पहिली बाटली माझी.

२

नवव्या दिवशी दुपारी नत्थुजी ब्लीचचा मग घेऊन आले. माझ्याच दिवशी भरलेली नीलमच्या रक्ताची बाटली त्यांनी घेतली, ओतलं, धुतली. मग माझ्या बाटलीकडे हात केला.

"थांबा," मी म्हणाले आणि बाटली सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली.

आमच्या साध्या द्रावणात या पेशी आठवडाभरात मरगळतात. सुरकुततात, तळ सोडतात, तरंगायला लागतात. माझी एकही सुरकुतली नव्हती. सगळ्या ताठ, चकचकीत, पाय पसरून बसलेल्या.

"नत्थुजी, बघा तरी. एकही मेली नाही."

त्यांनी मान वळवली ती थेट घड्याळाकडे. "मी नाई पाहत जी. ताई, आज नववा हाय."

"जिवंत आहेत त्या!"

"मंग त जास्तच फेका लागते."

मला हसू आलं. मी त्यांच्या हातातला मग काढून बाजूला ठेवला. अनपेक्षित काही दिसलं की तेच जपायचं असतं, बाकी सगळं फेकलं तरी चालतं, असं मला शिकवलं होतं. मी वहीत लिहिलं: दिवस नववा, ठेवली.

"ठेवा," नत्थुजी म्हणाले. "पण मले तिले खाऊ घाला लावू नोका."

३

तेराव्या दिवशी पेशी सगळ्या एका बाजूला गेलेल्या दिसल्या.

बाटलीच्या चार कडांवर मी मार्करने लिहिलं. दार. खिडकी. भिंत. टेबल. दार पूर्वेला होतं, खिडकी पश्चिमेला, भिंत उत्तरेला, आणि माझं टेबल दक्षिणेला. पेशी टेबलाच्या कडेला दाटल्या होत्या, पावसाळ्यात दिव्याखाली पाखरं दाटतात तशा. मधला तळ मोकळा.

फळी तिरकी असेल. मी त्यावर पाण्याने भरलेली पसरट बशी ठेवून पाहिली. फळी सरळ होती. उष्णता असेल. मी बाटली अर्धी फिरवली. दुसऱ्या दिवशी पेशी पुन्हा दक्षिणेला, म्हणजे आता "भिंत" लिहिलेल्या कडेला. मग उष्णताच, मी स्वतःला म्हणाले, आणि बाटली होती तशी सरळ केली.

त्याच आठवड्यात बापूसाहेबांच्या खोलीत रंग द्यायचा म्हणून त्यांचं कपाट आमच्याकडे आलं आणि माझं टेबल उत्तरेच्या भिंतीशी गेलं. मी दोन दिवस तिथे बसून काम केलं.

पेशी भिंतीकडे गेल्या.

वहीत मी लिहिलं, "कंपन?" ते प्रश्नचिन्ह मी तीनदा गिरवलं होतं, हे नंतर वही उघडली तेव्हा दिसलं.

पण खरं सांगायचं तर मला भीती वाटत नव्हती. मला आनंद झाला होता. याच आठवड्यात मी परतवाड्याच्या पुढच्या एका गावातून सतरा मुलांचं रक्त आणलं. आठ ते बारा वर्षांची, कधी हिवताप न झालेली. ग्रामसभेची परवानगी होती, आयांच्या सह्या आणि अंगठे होते. शाळेच्या ओट्यावर उभं राहून मी त्यांना सांगितलं होतं, "चमचाभरही रक्त नाही. पोरांना काही होणार नाही. मी शब्द देते."

सतरा लहान बाटल्या. त्यांचाही नववा दिवस आला. माझी बाटली जगली होती, म्हणून मी त्याही ठेवल्या.

४

माझा ताप दुपारी सव्वाचारला यायचा. आधी दात वाजायचे, मग अंग पेटायचं, सहापर्यंत घामाने ओढणी पिळून काढावी अशी. एक दिवस आड.

"हे त पुस्तकातलं हिव हाय मॅडम," नीलम म्हणाली आणि तिने माझ्या बोटाला सुई टोचली.

स्लाइड तिने वाचली, मग मी वाचली. दोघींनी वेगवेगळी वाचायची आणि एकमेकींना सांगायचं नाही, असा केंद्राचा नियम आहे. दोघींच्या चिठ्ठ्यांवर एकच शब्द होता: नाही. दुसऱ्या तापाला पुन्हा नाही. तिसऱ्याला बाहेरच्या दोन लॅबमध्येही नाही. डेंग्यू नाही, टायफॉइड नाही. हिमोग्लोबिन मात्र साडेबारावरून दहावर आलं होतं.

"रक्त कुठं जाऊन राहिलं मग?" नीलमने विचारलं.

मी वही उघडली. माझ्या बाटलीचं द्रावण मी एक दिवस आड बदलत असे, बरोबर चारला. ताप यायचा तो मधल्या दिवशी. हे दोन्ही वहीच्या एकाच पानावर होतं. मी ते पान उलटलं.

५

रविवारी अकोल्याला आईकडे गेले. माझ्या बाटलीला त्या दिवशी द्रावण द्यायचं होतं. मी नीलमला सांगितलं, "मुलांच्या बाटल्यांना रोजचं द्रावण घाल. माझ्या बाटलीला हात लावू नकोस. फक्त सव्वाचारला एक फोटो काढून पाठव." कुठे जाते ते सांगितलं नाही. तिला ठाऊक नसलेलंच बरं, प्रयोग स्वच्छ राहतो.

म्हणजे तेव्हा तो प्रयोग होता, हे मी कबूल करते.

तापाचा तो दिवस नव्हता. तरी चार वाजून चौदा मिनिटांनी आईच्या बाल्कनीत माझ्या हातातली कपबशी खडखडू लागली. आईने कप काढून घेतला, तो सांडला, ती काहीतरी ओरडली. इतकी थंडी मला परदेशातल्या हिवाळ्यात वाजली नव्हती. दोन गोधड्यांखाली पडून मी फोन धरला तेव्हा फोटो आला होता.

पेशी खिडकीकडच्या कडेला होत्या. एकीवर एक चढलेल्या.

नीलमचा निरोप होता: "मॅडम तुमच्या टेबलाकडे नाई गेल्या आज. खिडकीपाशी काय हाय?"

खिडकीपाशी काही नव्हतं. खिडकीबाहेर केंद्राचं अंगण, मग रस्ता, बडनेरा, मूर्तिजापूर, आणि सरळ पश्चिमेला शंभर किलोमीटरवर अकोला.

सोमवारी हिमोग्लोबिन साडेआठ होतं.

"सर, मी कागदावरचा नियम मोडला," मी बापूसाहेबांना सांगितलं. सगळं सांगितलं. मला वाटलं, ते हसतील. हसावेत अशी माझी फार इच्छा होती.

त्यांनी चष्मा पुसला. "नवव्या दिवसानंतर फेकलेली बाटली मी पाहिलेली नाही," ते म्हणाले. "ठेवलेलीही नाही. तुमच्याइतकं हुशार इथे कुणी आलंच नव्हतं."

६

मंगळवारी सकाळी मी मुलांच्या बाटल्या काढल्या. आजवर मी त्यांच्या पेशी मोजल्या होत्या, रंग पाहिला होता. बसतात कुठे ते पाहिलं नव्हतं. किंवा पाहिलं नव्हतं असं मी ठरवलं होतं.

पहिली: खिडकी आणि भिंत यांच्यामधला कोपरा. दुसरी: तोच कोपरा. तिसरी. चौथी. मी एकेक बाटली उचलत गेले आणि प्रत्येक वेळी मनात म्हणत होते, आता ही वेगळी निघेल. वायव्येला परतवाडा, त्याच्या पुढे ते गाव, ती शाळा, तो ओटा. सोळा बाटल्या तिकडे तोंड करून होत्या.

सतरावी वेगळी निघाली.

तिच्या पेशी दाराकडे होत्या.

"हिला काय झालं?" मी नीलमला विचारलं. आवाज शांत ठेवायचा प्रयत्न केला.

"तिले दोन दिवस द्रावण नाई भेटलं मॅडम. नागपूरचं पार्सल आलं नाई ना. सोळा बाटल्यांपुरतंच होतं. शेवटची म्हणून राहिली." मग माझ्याकडे पाहून, "आज आलं पार्सल. घालू का?"

"आत्ता घाल. आधी ते कर."

सतरावा क्रमांक म्हणजे रागिणी, वय नऊ. मी शाळेच्या गुरुजींना फोन लावला. ते म्हणाले, "तिले त परवा रात्री अमरावतीले नेलं मॅडम. सरकारी दवाखान्यात हाय. ताप भरला आन् पार पिवळी पडली पोट्टी. मी तुमालेच फोन करणार होतो. तुमी ओळखीच्या ना."

सरकारी दवाखाना आमच्या दाराच्या दिशेला, तीन किलोमीटरवर.

७

मला चुकायचं होतं. म्हणून मी सतरावी बाटली फडक्यात गुंडाळून थर्मासच्या डब्यात ठेवली आणि ऑटो बोलावला. नत्थुजी फाटकापर्यंत आले, पण डब्याच्या बाजूने चालले नाहीत.

वॉर्डात दुपारचं ऊन आडवं पडलं होतं. पंखे फिरत होते. रागिणीची आई सत्यभामा मला पाहून उठली. तिचा चेहरा उजळला. ते मला अजून आठवतं.

"ताई, आल्या तुमी! बरं झालं माय. पाहा ना हिले काय झालं त. डॉक्टर म्हणते हिवताप नाई. मंग काय हाय?"

"हिमोग्लोबिन किती आहे?"

"सहा म्हणे. रक्त लावलं काल. डॉक्टर म्हणते, रक्त देतो पण जाते कुठं तेच समजत नाई." तिने पोरीच्या कपाळावरून हात फिरवला. "दुपारपासून जरा बरी हाय. पेज पेली. तुमी त म्हनल्या होत्या ना, काई होत नाई म्हणून. म्या साऱ्याइले तेच सांगतलं."

दुपारपासून. नीलमने द्रावण घातलं ते साडेअकराला.

रागिणी झोपली होती. खाटेच्या पार टोकाला, लोखंडी दांड्याला गाल टेकवून.

"अशी टोकाला का?"

"कालपासून असीच सरकते जी. झोपेतच. दोनदा खाली पडली. म्या खाट फिरवली, त पायथ्याकून सरकली. कोन्या तरी एकाच बाजूपासून लांब जाते." सत्यभामेने हात केला तो पश्चिमेला, आमच्या केंद्राच्या बाजूला. "तिकडं काय हाय?"

मी डबा स्टुलावर ठेवला, खाटेच्या दुसऱ्या बाजूला, म्हणजे पूर्वेला. फडकं उलगडलं. बाटली सपाट धरली. साध्या डोळ्यांना या पेशी कधी दिसत नाहीत. आज दिसल्या. गुलाबी पाण्याच्या तळाशी सायीसारखा पातळ, मळकट पदर होता आणि तो हलत होता. मी बाटली तिरकी केली नव्हती. मी श्वासही घेत नव्हते. तो पदर हळूहळू मुलीच्या बाजूच्या कडेला गेला आणि तिथे उभा राहिला, काचेला पोट लावून.

रागिणीने झोपेतच कूस बदलली. दांडा सोडला, आणि इंचाइंचाने, डोळे मिटलेलेच, ती खाटेच्या दुसऱ्या कडेला सरकली. माझ्यापासून लांब.

सत्यभामेने बाटलीकडे पाहिलं. मग मुलीकडे. मग माझ्याकडे.

मी बाटली गुंडाळली आणि निघाले. बाहेर पायऱ्यांवर मला एकदम आठवलं की गेले पंधरा दिवस रोज सकाळी मी केंद्रापासून लांबच्या भिंतीला चिकटून उठते. माझी खोली केंद्राच्या मागेच आहे. इतके दिवस मला वाटत होतं, पंख्याच्या वाऱ्यामुळे.

८

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला नत्थुजी ब्लीचची बादली भरून उभे होते. मग नव्हे, बादली. सगळ्या बाटल्या त्यांनी टेबलावर मांडल्या होत्या, पाठ फिरवून, हाताने चाचपत.

"साऱ्या ओतू का ताई? तुमी फक्त हो म्हना. दोन मिनिटाचं काम हाय."

मी रात्रभर हो म्हणत होते. आता बादलीच्या वासाने डोळ्यांत पाणी आलं आणि मी हात आडवा धरला.

"उपाशी ठेवलं तर काय होतं ते दिसलं," मी म्हणाले. "मारलं तर काय होतं, ते कुणी पाहिलंय?"

नत्थुजींनी बादली खाली ठेवली.

"नवव्या दिवसाआधी फेकल्या की काही होत नाही. तुम्ही तीस वर्षं फेकल्या. त्यानंतर?"

"त्याच्यानंतर कोनी ठेवलीच नाई जी."

बापूसाहेब दारात येऊन उभे होते. नीलम हातमोजे घालून उभी होती, आणि तिला काय करायचं ते ठाऊक नव्हतं. मी सतरा बाटल्या एकेक करून परत इनक्युबेटरमध्ये ठेवल्या. सगळ्यांना भरपूर द्रावण घातलं. टेबलावर एकच उरली.

"अवनी," बापूसाहेब म्हणाले. त्यांनी मला पहिल्यांदाच एकेरी हाक मारली. "पोरी, हे बरोबर नाही."

"मग दुसऱ्या कुणाची आधी ओतू, सर? त्यांच्या आयांना शब्द मी दिलाय."

मी खुर्ची ओढून बसले, बाही सरळ केली.

"ऐका, नत्थुजी. माझी आधी. आत्ता. सव्वाचारपर्यंत माझ्यापाशी बसायचं, हिमोग्लोबिन तासातासाला घ्यायचं. मी धड राहिले तर संध्याकाळी त्या सतराही ओता, न पाहता, तुमच्या पद्धतीने."

"आन् नाई राहिल्या त?"

"तर त्यांना हात लावायचा नाही. रोज द्रावण घालायचं. सणावाराला, सुट्टीला, तुम्ही गेल्यावर दुसऱ्या कुणी, पण रोज. ती पोरं म्हातारी होईस्तोवर."

नत्थुजींनी बादली माझ्याकडे सरकवली.